डिजिटल अंकातला व्हिडिओ चालत नाही तेव्हा: दोष शोधण्याची आणि दुरुस्तीची पद्धत

डिजिटल दिवाळी अंक प्रकाशित झाल्यावर पहिल्या तासाभरात जे निरोप येतात, त्यांत अभिनंदनाच्या जोडीने एक तक्रार हमखास असते: ‘मुलाखतीच्या पानावर नुसती काळी चौकट दिसते.’ छापील अंकात एखादा शब्द चुकला तरी वाचक तो संदर्भाने सावरून घेतो. व्हिडिओ उघडलाच नाही तर मात्र सावरून घेण्यासारखे त्याच्या हाती काहीच उरत नाही. एका छोट्या डिजिटल अंकाची तांत्रिक बाजू मी काही वर्षे सांभाळते आहे आणि या काळात माझ्या एक गोष्ट पक्की लक्षात आली आहे: प्रत्यक्ष दुरुस्तीला जितका वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ भलत्याच जागी दुरुस्ती करण्यात जातो. कोणी कोड बदलतो, कोणी फाइल पुन्हा चढवतो, कोणी वाचकाला पान पुन्हा उघडायला सांगतो, आणि दोष तिसऱ्याच ठिकाणी असतो.

अंकातला व्हिडिओ वाचकाच्या पडद्यावर दिसेपर्यंत पाच टप्पे ओलांडतो. मूळ फाइल, ती जिथे ठेवली आहे तो सर्व्हर किंवा ती सेवा, त्या सेवेवरच्या परवानग्या, अंकाच्या पानातला एम्बेड कोड (दुसरीकडचा व्हिडिओ पानात दाखवणारा कोडचा तुकडा) व मांडणी, आणि सर्वांत शेवटी वाचकाचा फोन किंवा संगणक. बिघाड यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी ठरवावे आणि मगच हात लावावा, एवढ्यासाठी पुढचा सगळा क्रम आहे.

पहिली पायरी: तक्रार नेमकी काय आहे

‘व्हिडिओ चालत नाही’ या शब्दांमागे निदान सहा निरनिराळे बिघाड असू शकतात. चौकट पूर्ण रिकामी असते, चौकटीत काही संदेश लिहिलेला असतो, गोल चक्र फिरत राहते, आवाज येतो पण चित्र येत नाही, चित्र येते पण आवाज नाही, किंवा व्हिडिओवर बोट ठेवले की तो सुरू होण्याऐवजी अंकाचे पानच उलटते. यांतल्या प्रत्येकाचे कारण वेगळे आहे. म्हणून वाचकाकडे पडद्याचे छायाचित्र मागावे आणि चार प्रश्न विचारावेत: कोणते पान, कोणता फोन किंवा संगणक, दुवा ब्राउझरमध्ये उघडला की फेसबुकसारख्या अॅपच्या आत, आणि इंटरनेट मोबाइलचे की घरच्या किंवा कार्यालयातल्या वायफायचे. चौकटीत संदेश असेल तर तो अक्षरशः जसाच्या तसा हवा, कारण त्यातला एखादा आकडा अर्धे काम करून देतो.

मग स्वतः तीन चाचण्या कराव्यात. तेच पान ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे कोणत्याही खात्यात लॉगइन न करता, उघडून पाहावे. दुसऱ्या जोडणीवरून, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, पाहावे. आणि अंक बाजूला ठेवून व्हिडिओचा स्वतंत्र दुवा थेट उघडावा. खासगी खिडकीत स्वतंत्र दुवाच उघडत नसेल, तर दोष परवानगीचा किंवा त्या सेवेचा आहे आणि अंकाच्या कोडला हात लावण्याचे कारण नाही. स्वतंत्र दुवा उघडतो पण अंकातल्या पानावर व्हिडिओ दिसत नाही, तर कोड किंवा मांडणी तपासावी. आपल्याकडे सर्वत्र चालतो आणि एकाच वाचकाकडे चालत नाही, तर त्याचे यंत्र किंवा त्याचे नेटवर्क पाहावे. सगळीकडे उघडतो पण चित्र किंवा आवाज यांपैकी एकच येते, तर मूळ फाइलमध्येच दोष असण्याची शक्यता सर्वांत जास्त. या चाचण्यांना दहा मिनिटे लागतात. त्या न करता सुरू केलेली दुरुस्ती कित्येकदा दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते.

संगणकावर एफ१२ ही कळ दाबली की ब्राउझरचे तपासणीचे दालन उघडते. त्यातल्या ‘कन्सोल’ या भागात लाल अक्षरांत आलेल्या ओळी आणि ‘नेटवर्क’ या भागातले आकडे प्रोग्रामिंग न येणाऱ्या संपादकालाही उपयोगी पडतात. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर फाइल नाही, ४०३ म्हणजे फाइल आहे पण देण्यास मनाई आहे. लाल ओळीत ब्राउझरने स्वतःच विनंती अडवल्याचा उल्लेख असेल, तर बहुधा जाहिराती रोखणाऱ्या एखाद्या विस्तारकाने व्हिडिओही रोखलेला असतो.

यूट्यूबवरून आणलेला व्हिडिओ

कमी खर्चात चालणाऱ्या अंकांसाठी यूट्यूब हाच सोयीचा मार्ग आहे आणि त्यामुळे तक्रारीही इथल्याच अधिक येतात.

चौकटीत ‘कनेक्ट होण्यास नकार दिला’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येत असेल, तर पत्ता चुकलेला आहे. ब्राउझरच्या पट्टीतून उचललेला पत्ता व्हिडिओ पाहण्याच्या पानाचा असतो आणि ते संपूर्ण पान दुसऱ्या संकेतस्थळाच्या चौकटीत दाखवण्यास यूट्यूब परवानगी देत नाही. एम्बेडसाठीचा पत्ता वेगळा असतो. त्यात ‘वॉच’च्या जागी ‘एम्बेड’ हा शब्द आणि पुढे व्हिडिओची ११ अक्षरांची खूण असते. हाताने पत्ता बदलत बसण्यापेक्षा व्हिडिओखालच्या ‘शेअर’ बटणातून ‘एम्बेड’ निवडून संपूर्ण कोड नव्याने घ्यावा. ११ पैकी एक अक्षर जरी सुटले, किंवा त्यातले मोठे इंग्रजी अक्षर लहान झाले, तरी व्हिडिओ सापडत नाही.

त्रुटी क्रमांक १०० म्हणजे व्हिडिओ काढून टाकलेला आहे किंवा ‘प्रायव्हेट’ ठेवलेला आहे. ‘प्रायव्हेट’ आणि ‘अनलिस्टेड’ या दोहोंतली गफलत मी वारंवार पाहिली आहे. ‘अनलिस्टेड’ व्हिडिओ शोधात येत नाही, पण दुवा किंवा एम्बेड असलेल्या कोणालाही दिसतो. ‘प्रायव्हेट’ फक्त मालकाला आणि त्याने निवडलेल्या व्यक्तींना दिसतो. व्हिडिओ चढवणारा सहकारी त्याच खात्यात लॉगइन असल्याने त्याला अंकात सगळे सुरळीत दिसते आणि वाचकाला काहीच दिसत नाही. खासगी खिडकीतल्या चाचणीचा आग्रह आहे तो याच कारणाने. ठरावीक वेळेला प्रकाशित होण्यासाठी लावून ठेवलेला व्हिडिओही ती वेळ येईपर्यंत ‘प्रायव्हेट’च असतो. अंक सकाळी सहाला आणि व्हिडिओ नऊला लावलेला असेल, तर मधले तीन तास तक्रारी येणारच.

१०१ आणि १५० या दोन्ही क्रमांकांचा अर्थ एकच आहे: मालकाने अन्य संकेतस्थळांवर व्हिडिओ दाखवण्यास मनाई केली आहे. व्हिडिओ आपला असेल तर यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या तपशिलात ‘शो मोअर’ खाली ‘अलाऊ एम्बेडिंग’ ही खूण करावी. दुसऱ्याचा असेल तर त्याची परवानगी मागावी, आणि ती मिळेपर्यंत चित्र व साधा दुवा द्यावा. यातून पळवाट काढणारे उपाय वापरू नयेत, कारण तो त्या निर्मात्याचा निर्णय आहे. वयाचे बंधन घातलेले व्हिडिओ बहुतेक अन्य संकेतस्थळांवर चालत नाहीत आणि प्रेक्षकाला यूट्यूबवर जाण्यास सांगतात, हेही लक्षात असावे.

त्रुटी क्रमांक १५३ अनेकांना नवीन आहे. आपण कोणत्या संकेतस्थळावरून मागणी करत आहोत ही ओळख यूट्यूबच्या प्लेअरला मिळाली नाही की हा क्रमांक येतो. अंकाचे पान सर्व्हरवर न चढवता संगणकावरच दोनदा क्लिक करून उघडले की असे होऊ शकते, कारण तेव्हा पानाला संकेतस्थळाचा पत्ताच नसतो. ती चाचणी सर्व्हरवर चढवलेल्या पानावरच करावी. प्रकाशित पानावरही तोच क्रमांक येत असेल, तर संकेतस्थळाचे ‘रेफरर पॉलिसी’, म्हणजे आपली ओळख पुढे किती कळवायची हे ठरवणारे धोरण, ‘नो रेफरर’ असे आहे का हे पाहावे. एखादे सुरक्षेचे प्लगइन ही सेटिंग गुपचूप लावून देते. ते धोरण ‘स्ट्रिक्ट ओरिजिन व्हेन क्रॉस ओरिजिन’ असे केले की, किंवा त्या एका आयफ्रेमवर (बाहेरचा मजकूर पानात दाखवणाऱ्या चौकटीच्या कोडवर) तसे लिहिले की, ओळख पोहोचते.

परदेशातल्या मराठी वाचकांच्या तक्रारीकडे ‘आमच्याकडे तर चालतो’ म्हणून दुर्लक्ष होते, आणि ते मला फार खटकते. व्हिडिओत जुन्या नाट्यगीताचे किंवा चित्रपटगीताचे ध्वनिमुद्रण वाजत असेल आणि त्यावर हक्कधारकाचा दावा लागला असेल, तर काही देशांत तो दिसतो आणि काही देशांत अडवला जातो. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओंच्या यादीत ‘निर्बंध’ या अर्थाचा स्तंभ असतो. तिथे दाव्याचा तपशील उघडला की कोणत्या देशांत परिणाम झाला आहे हे कळते. त्यातून तेवढा तुकडा कापणे, त्याचा आवाज बंद करणे किंवा संगीत बदलणे, असे पर्याय तिथेच मिळतात. परवानगी घेतलेली असेल तर दाव्याला आक्षेपही नोंदवता येतो, मात्र त्याच्या निकालाला दिवस लागतात, म्हणून हे काम प्रकाशनाच्या आदल्या रात्रीवर ठेवू नये.

अन्य सेवांबद्दल थोडक्यात. गूगल ड्राइव्हवरची फाइल एम्बेड करायची तर ‘दुवा असलेल्या कोणालाही’ पाहता येईल अशी परवानगी हवी आणि पत्त्याच्या शेवटी ‘प्रीव्ह्यू’ हवे. तरीही गर्दी झाली की ड्राइव्ह पाहण्यावर मर्यादा घालतो, त्यामुळे अंकासाठी तो विश्वासाचा आधार नाही. व्हिमिओवर व्हिडिओ ठरावीक संकेतस्थळांपुरताच मर्यादित ठेवता येतो. अंकाचा पत्ता बदलला आणि त्या यादीत नवा पत्ता घातला नाही तर सगळे व्हिडिओ एकदम बंद पडतात. फेसबुकवरचा व्हिडिओ ‘पब्लिक’ असल्याशिवाय बाहेर दिसत नाही.

कोड बरोबर, तरीही चौकट रिकामी

एम्बेड कोड वर्डच्या फाइलीत किंवा व्हॉट्सअॅपच्या निरोपात घालून फिरवला की त्यातली सरळ अवतरणचिन्हे वळणदार होतात. मजकुरात ती देखणी दिसतात. कोडमध्ये ती चालत नाहीत, आणि पाहणाऱ्याच्या नजरेला फरक सहज कळतही नाही. कोड नेहमी साध्या मजकूर-संपादकातून किंवा थेट मूळ जागेवरून घ्यावा.

वर्डप्रेसवर चालणाऱ्या अंकांत आणखी एक गोष्ट घडते. लेखक किंवा सहयोगी भूमिकेच्या खात्यातून आयफ्रेम असलेला मजकूर जतन केला की वर्डप्रेस सुरक्षेसाठी ती आयफ्रेम निमूटपणे काढून टाकते. संपादक किंवा प्रशासकाच्या खात्यातून ती पुन्हा घालावी, किंवा यूट्यूबचा साधा दुवा एका स्वतंत्र ओळीत एकटा ठेवावा. वर्डप्रेस त्याचा प्लेअर आपोआप बनवते. त्या दुव्याच्या मागेपुढे एखादा शब्द असेल तर तो दुवाच राहतो. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या दुव्यांना मात्र ही सोय ऑक्टोबर २०२० पासून राहिलेली नाही, त्यामुळे जुन्या अंकांतली तशी पाने आज नुसते दुवे दाखवत असतील.

कन्सोलमध्ये ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ हे शब्द दिसले तर आपल्याच संकेतस्थळाने बाहेरच्या चौकटी अडवल्या आहेत; होस्टिंग सांभाळणाऱ्याला सांगून ‘फ्रेम सोर्स’च्या यादीत त्या सेवेचा पत्ता घालून घ्यावा. पूर्ण पडद्याचे बटण काम करत नसेल तर आयफ्रेममध्ये पूर्ण पडद्याची परवानगी लिहिलेली नाही. चौकट फोनवर पानाबाहेर जात असेल किंवा वरखाली काळे पट्टे येत असतील, तर रुंदी ठरावीक पिक्सेलमध्ये न देता १०० टक्के द्यावी आणि प्रमाण १६:९ असे बांधावे. उभ्या चित्रित केलेल्या व्हिडिओसाठी ते ९:१६ हवे.

फाइल स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर

एमपी४ हे डब्याचे नाव आहे, आतल्या जिनसाचे नाही. दोन एमपी४ फाइलींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही, याचे उत्तर बहुधा इथेच असते. सर्वत्र बिनबोभाट चालणारी जोडी म्हणजे चित्र साठवण्यासाठी ८ बिटची एच.२६४ ही पद्धत आणि आवाजासाठी एएसी. आयफोनमध्ये आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, ‘हाय एफिशिअन्सी’ ही पद्धत निवडलेली असते आणि त्यात चित्र एच.२६५ या पद्धतीने साठवले जाते. असा व्हिडिओ ज्याने चित्रित केला त्याच्या फोनवर उत्तम दिसतो, आणि वाचकाच्या जुन्या संगणकावर आवाज ऐकू येतो पण चित्र काळे राहते. फाइलमध्ये नेमके काय आहे हे व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘टूल्स’ खालच्या ‘कोडेक इन्फर्मेशन’ या खिडकीत दिसते.

उपाय सोपा आहे. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर उघडावे, फाइल त्यात घालावी, ‘फास्ट ७२०पी३०’ हा तयार संच निवडावा, डबा एमपी४ ठेवावा, आणि ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ या चौकटीत खूण करून नवी फाइल काढावी. पुढच्या वेळी ज्यांच्याकडून चित्रण येणार आहे त्यांना आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमधल्या ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला सांगावे, आणि व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावी. नाहीतर वाटेतच चित्राचा दर्जा उतरतो आणि तो नंतर कशानेही परत येत नाही.

‘वेब ऑप्टिमाइज्ड’ ही खूण क्षुल्लक वाटते, पण गोल चक्र फिरत राहण्याच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तिच्या अभावात असते. एमपी४ फाइलमध्ये कोणते दृश्य कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते. चित्रण करताना ती शेवटी लिहिली जाते. ब्राउझरला ती हातात आल्याशिवाय व्हिडिओ सुरू करता येत नाही; सर्व्हरने साथ दिली तर तो आधी शेवटचा तुकडा मागून घेतो, आणि साथ दिली नाही तर संपूर्ण फाइल उतरेपर्यंत थांबतो. त्या एका खुणेने ही अनुक्रमणिका फाइलच्या आरंभी येते आणि पहिले दृश्य लवकर उमटते.

सर्व्हरची ही साथ म्हणजे फाइल तुकड्यांत देण्याची क्षमता. आयफोन आणि मॅकवरचा सफारी ब्राउझर तिच्यावाचून व्हिडिओ चालवतच नाही. ‘क्रोममध्ये चालतो, आयफोनवर नाही’ अशी तक्रार आली की नेटवर्कच्या भागात त्या फाइलपुढचा आकडा पाहावा. २०६ असेल तर सर्व्हर तुकडे देतो आहे. तुकड्याची मागणी करूनही २०० येत असेल तर तो अख्खी फाइलच देऊ पाहतो आहे, आणि हे होस्टिंगच्या मदतकक्षाकडून दुरुस्त करून घ्यावे लागते. त्याच वेळी सर्व्हर त्या फाइलचा प्रकार ‘व्हिडिओ’ असाच सांगतो आहे ना, हेही विचारून घ्यावे. प्रकार चुकीचा सांगितला गेला तर काही ब्राउझर ती फाइल चालवण्यास नकार देतात.

फाइलींची नावे देवनागरीत ठेवू नयेत, असे मी जड मनाने सांगते. आपल्या भाषेतले नाव पत्त्यात गेले की त्याचे लांबलचक सांकेतिक रूप होते, आणि एकच अक्षर दोन निरनिराळ्या युनिकोड पद्धतींनी साठवले गेले असेल तर डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे सर्व्हरला वेगळी वाटतात. लहान इंग्रजी अक्षरे, आकडे आणि जोडरेघ एवढेच वापरावे. विंडोजवर मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांचा भेद मानला जात नाही, लिनक्स सर्व्हरवर मानला जातो. म्हणून कॅमेऱ्याने मोठ्या अक्षरांत दिलेले फाइलनामाचे शेपूट (ठिपक्यानंतरची अक्षरे) आणि कोडमधले लहान अक्षरांतले शेपूट जुळले नाही तर घरी चाललेला व्हिडिओ सर्व्हरवर ४०४ देतो. पान ‘एचटीटीपीएस’ने आणि व्हिडिओचा पत्ता ‘एचटीटीपी’ने सुरू होत असेल तर ब्राउझर तो सुरक्षेसाठी अडवू शकतो, जुन्या अंकांचे स्थलांतर केल्यावर हे पुष्कळ ठिकाणी आढळते.

मोठी फाइल चढतच नसेल तर बहुधा पीएचपीची (अनेक संकेतस्थळे जिच्यावर चालतात त्या सर्व्हरवरच्या प्रणालीची) मर्यादा आड येते. मूळ सेटिंगमध्ये ती एका फाइलसाठी २ एमबी आणि संपूर्ण विनंतीसाठी ८ एमबी असते. ती वाढवता येते, पण त्याआधी हिशेब करावा. सेकंदाला २ मेगाबिट या गतीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ १५० एमबी होतो. एक हजार वाचकांनी तो पूर्ण पाहिला तर १५० जीबी डेटा सर्व्हरवरून जातो. स्वस्त सामाईक होस्टिंगवर हे झेपत नाही, आणि व्हिडिओबरोबर संपूर्ण अंकच मंदावतो. माझे मत असे की अर्ध्या मिनिटाच्या आतल्या, आवाज नसलेल्या सजावटीच्या चित्रफिती स्वतःकडे ठेवाव्यात आणि मुलाखती, अभिवाचने, मैफली व्हिडिओसाठीच असलेल्या सेवांवर ठेवाव्यात.

पान उलटणारे अंक, पीडीएफ आणि ईपब

२०२० पूर्वीचे पान उलटणारे अनेक अंक फ्लॅशवर बांधलेले होते. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने मजकूर दाखवणेच बंद केले. त्या अंकांतला व्हिडिओ कोणत्याही सेटिंगने परत येणार नाही. मूळ चित्रण शोधून ते एमपी४ मध्ये रूपांतरित करावे आणि पान एचटीएमएल५ मध्ये नव्याने बांधावे, एवढाच मार्ग आहे.

आजच्या पान उलटणाऱ्या अंकांत व्हिडिओ पानाच्या चित्रावर ठेवलेला एक वेगळा थर असतो. त्याच्यावर पारदर्शक दुव्याचा थर आला असेल, किंवा पान उलटण्यासाठी राखलेला कडेचा भाग व्हिडिओवर चढत असेल, तर बोट ठेवल्यावर पान उलटते. व्हिडिओ सर्वांत वरच्या थरावर आणावा आणि पानाच्या कडांपासून पुरेसा आत सरकवावा. दोन समोरासमोरच्या पानांवर पसरलेला व्हिडिओ संगणकावर सुरेख दिसतो, पण फोनवर एकेकच पान दिसत असल्याने त्याचे दोन तुकडे होतात. तो मोह टाळावा.

पीडीएफमधल्या व्हिडिओवर विसंबून राहू नये. ब्राउझरमध्ये आणि फोनवर पीडीएफ दाखवणारी बहुतेक साधने त्यातला व्हिडिओ चालवत नाहीत. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधून ‘प्रिंट’ प्रकारची पीडीएफ काढली असेल तर व्हिडिओ त्यात जातच नाही, फक्त त्याचे पहिले चित्र जाते. त्यासाठी ‘इंटरअॅक्टिव्ह’ प्रकार निवडावा लागतो आणि तरीही वर सांगितलेली अडचण उरतेच. म्हणून पीडीएफ आवृत्तीत व्हिडिओचे एक स्थिरचित्र, त्यावर दुवा आणि छापून वाचणाऱ्यांसाठी शेजारी क्यूआर कोड, हीच मांडणी टिकाऊ ठरते. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकाराच्या तिसऱ्या आवृत्तीत व्हिडिओ ठेवता येतो, पण फाइल ईपबच्या सूचीत नोंदवलेली हवी. शिवाय ई-इंक पडद्याच्या किंडलवर तो चालणारच नाही, त्यामुळे तिथेही स्थिरचित्राची सोय हवी.

आपोआप सुरू होणारे व्हिडिओ

मुखपृष्ठावरचा व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही, ही तक्रार वाचकापेक्षा संपादकांकडून अधिक येते. सफारीने २०१७ मध्ये आणि क्रोमने एप्रिल २०१८ मध्ये आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ रोखायला सुरुवात केली. आवाज बंद असलेला व्हिडिओ मात्र सुरू होऊ शकतो, म्हणून कोडमध्ये ‘ऑटोप्ले’च्या जोडीला ‘म्यूटेड’ हवेच, आणि आयफोनवर तो पूर्ण पडदा व्यापू नये यासाठी ‘प्लेज इनलाइन’ हवे. एवढे करूनही आयफोन ‘लो पॉवर मोड’मध्ये असेल तर व्हिडिओ थांबलेलाच राहील, तो दोष नाही. यूट्यूबचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा वाजवायचा असेल तर ‘लूप’बरोबर ‘प्लेलिस्ट’ या पदापुढे तीच ११ अक्षरी खूण द्यावी लागते, नुसत्या ‘लूप’ने काम होत नाही.

मराठी उपशीर्षके

ऐकू कमी येणाऱ्या वाचकांसाठी उपशीर्षके म्हणजे व्हिडिओच असतो, म्हणून ती दिसत नसतील तर तोही पूर्ण वजनाचा बिघाड मानावा. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचे कडबोळे दिसत असेल, तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि फाइल ‘यूटीएफ-८’ या रूपात जतन करावी. स्वतःच्या सर्व्हरवरच्या व्हिडिओला वेबव्हीटीटी प्रकारची फाइल लागते. तिच्या पहिल्या ओळीत हेच नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत असावे लागते, आणि वेळेतल्या सेकंदांनंतर पूर्णविरामाचा ठिपका असतो. एसआरटी फाइलमध्ये तिथे स्वल्पविराम असतो, म्हणून नुसते शेपूट बदलून फाइल चालत नाही. आपल्याकडची खास चूक अशी की मराठी कीबोर्डवर काम करता करता वेळेचे आकडेही देवनागरीत टंकले जातात. मजकुरात देवनागरी आकडे अवश्य असावेत, वेळेच्या ओळीत ते इंग्रजीच हवेत, नाहीतर त्या ओळीचे उपशीर्षक गळते. फाइल दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर ती आपल्या संकेतस्थळाला वाचू देण्याची परवानगी त्या सर्व्हरवर लावावी लागते.

वाचकाच्या बाजूचे उपाय

वाचकाला उपाय सांगताना एका वेळी एकच सांगावा. अॅपच्या आत उघडलेले पान तीन ठिपक्यांच्या यादीतून नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडणे, हा पहिला. जाहिराती रोखणारे विस्तारक त्या संकेतस्थळापुरते थांबवणे, हा दुसरा. ब्राउझर अद्ययावत करणे, हा तिसरा. संगणकावर हिरवे किंवा काळे चित्र आणि व्यवस्थित आवाज असेल, तर क्रोमच्या ‘सिस्टीम’ सेटिंगमधली ग्राफिक्सचा वेग वाढवण्याची सोय बंद करून पाहावी. कार्यालय किंवा महाविद्यालयाच्या जाळ्यात यूट्यूबच बंद असेल तर त्यावर आपल्याकडे इलाज नाही. मोबाइल डेटावर पाहण्यास सुचवावे.

प्रकाशनापूर्वी

प्रत्येक व्हिडिओखाली त्याचे नाव, कालावधी आणि मूळ जागेचा साधा दुवा द्यावा, आणि वर एक अर्थपूर्ण स्थिरचित्र ठेवावे. बाकी सगळे फसले तरी वाचक त्या दुव्यावरून पोहोचतो. मुलाखत असेल तर तिचे शब्दांकनही द्यावे. एकाच लांब पानावर आठ-दहा प्लेअर असतील तर ते पान उघडतानाच गुदमरते. तिथे चित्रे ठेवून वाचकाने स्पर्श केल्यावरच प्लेअर यावा अशी व्यवस्था करावी.

तपासणीसाठी एक जुना अँड्रॉइड फोन, एक आयफोन आणि एक संगणक एवढे पुरते, पण तपासणारी व्यक्ती अंकाच्या कोणत्याही खात्यात लॉगइन नसावी. शक्य असेल तर एक वाचक परदेशातला असावा. दुरुस्ती केल्यानंतर संकेतस्थळाची कॅशे (पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती) रिकामी करावी, कारण दुरुस्त पान सर्व्हरवर असूनही वाचकांना जुनेच पान जात राहते आणि आपली दुरुस्ती फसली असा गैरसमज होतो.

प्रत्येक व्हिडिओची एक नोंदवही ठेवावी: पान, दुवा, खाते कोणाचे, संगीताची परवानगी आणि मूळ फाइल कुठे आहे. अंक निघाल्यावर दर सहा महिन्यांनी या नोंदवहीतले दुवे खासगी खिडकीत उघडून पाहावेत. एखाद्या कलावंताने आपले चॅनेल बंद केले किंवा व्हिडिओ काढून घेतला तर ते अशाच वेळी लक्षात येते, आणि मूळ फाइल व लेखी परवानगी हाताशी असेल तर तो व्हिडिओ अंकाच्या स्वतःच्या खात्यावर त्याच दिवशी पुन्हा चढवता येतो.